मुलांची गाणी आणि मुलांचे गळे

मुलांसाठी केलेली गाणी आज जितक्या सहज मिळतात तितक्या सहज ती पूर्वी कधीच मिळत नव्हती. रेडिओवर ठरलेल्या दिवशी मुलांचा कार्यक्रम लागायचा, तेव्हा घरातली मुले वेळेवर येऊन बसत. मग तबकड्या आल्या, कॅसेटी आल्या, आणि आता तर पालकांच्या खिशातल्या फोनमध्ये जगातल्या अनेक भाषांतली बालगीते भरलेली असतात. गाण्यांचा तुटवडा आहे अशी तक्रार कोणालाच करता येणार नाही. आमची तक्रार वेगळी आहे. एवढी गाणी कानांवर पडूनही मुले स्वतः किती गातात?

कोणत्याही शाळेचे स्नेहसंमेलन डोळ्यांसमोर आणा. पहिली-दुसरीची मुले मोर, ससे, फुलपाखरे होऊन रंगमंचावर येतात. गाणे ध्वनिवर्धकातून वाजत असते, पावले बसवलेली असतात, आणि तोंडे बंद असतात. कार्यक्रमपत्रिकेत लिहिलेले असते ‘बालगीत’. पण त्यात मुलांचा आवाज तेवढा नसतो. पालक खूष होतात, मुलांनाही नाचायला आवडते, यात वाईट काही नाही. मात्र गाणे ही आपण करायची गोष्ट नसून वाजवायची आणि ऐकायची गोष्ट आहे, असा धडा मूल यातून नकळत शिकते. तो धडा आम्हांला काळजीचा वाटतो.

कवितेचे परीक्षण करताना आपण शब्द, कल्पना, नाद पाहतो. चालीचे परीक्षण करताना स्वर, ताल, वाद्यमेळ पाहतो. पण गाणे तीन ते आठ वर्षांच्या मुलांसाठी असेल, तर या सगळ्याच्या आधी दोन साधे प्रश्न विचारले पाहिजेत. हे गाणे मुलाच्या गळ्यात बसते का? आणि हे गाणे मुलासाठी थांबते का? पहिला प्रश्न शरीरशास्त्राचा आणि ध्वनिशास्त्राचा आहे, दुसरा मानसशास्त्राचा. दोन्हींबाबत आज बरीच माहिती उपलब्ध आहे, आणि ती गाणी करणाऱ्यांपेक्षा गाणी निवडणाऱ्या शिक्षकांना अधिक उपयोगी पडणारी आहे.

गळ्याचे माप

आवाज स्वरतंतूंच्या कंपनांतून निर्माण होतो. प्रौढ पुरुषाचे स्वरतंतू साधारण १७ ते २१ मिलिमीटर लांब असतात, प्रौढ स्त्रीचे ११ ते १५ मिलिमीटर. लहान मुलाचे यापेक्षाही आखूड असतात. आखूड तार वरच्या स्वरात बोलते हे सतार किंवा एकतारी पाहिलेल्या कोणालाही ठाऊक आहे. म्हणून बोलताना पुरुषाच्या आवाजाची वारंवारिता १२० हर्ट्झच्या आसपास असते, स्त्रीची २०० च्या आसपास, आणि पाच वर्षांच्या मुलाची २५० ते ३०० च्या दरम्यान.

पण फरक केवळ लांबीचा नाही. प्रौढांच्या स्वरतंतूंमध्ये वेगवेगळ्या मऊपणाचे थर असतात. ते थर मुलांमध्ये हळूहळू तयार होतात आणि त्यांची घडण पौगंडावस्थेपर्यंत चालू राहते. त्यामुळे मुलाचा आवाज नुसताच ‘उंच’ नसतो, त्याचा आवाकाही लहान असतो. चार-पाच वर्षांचे मूल खेळताना किंचाळेल तेव्हा फार वरचे स्वर लावेल. पण शब्द म्हणत, सुरात, न ताणता गायचे असेल तर त्याचा आवाका साधारण पाच-सहा स्वरांचा असतो.

हे पाच स्वर कुठले? पेटीवर मधल्या सप्तकातली पांढरी दोन घ्या. तिची वारंवारिता सुमारे २९४ हर्ट्झ. तिथून पांढरी सहापर्यंत जा, म्हणजे ४४० हर्ट्झ. पांढरी दोनला षड्ज मानले तर पांढरी सहा हा पंचम होतो. सा, रे, ग, म, प – बालवाडीतल्या बहुतेक मुलांचे घर एवढ्यात मावते. सरावाने आणि वयाने ते दोन्ही बाजूंना वाढत जाते.

आता मोठ्यांचे गाणे या घरात घालून पाहू. बहुतेक गायिकांचा षड्ज काळी चार ते काळी पाचच्या आसपास असतो. काळी चार धरली तर तो २०८ हर्ट्झ होतो. भावगीतात किंवा चित्रपटगीतात चाल खाली मंद्र पंचमापर्यंत आणि वर तार गंधारापर्यंत सहज जाते. म्हणजे खाली १५६ हर्ट्झ आणि वर ५२०. मुलाच्या आरामाच्या २९४ ते ४४० च्या पट्ट्याशी हे ताडून पाहा. गाण्याच्या खालच्या भागात मूल पुटपुटते, कारण तिथे त्याचा आवाज पोचतच नाही. वरच्या भागात ते ओरडते, कारण ओरडल्याशिवाय तो स्वर लागत नाही. मधल्या चार ओळींत ते सुरात असते, पण तिकडे कोणाचे लक्ष जात नाही. आपण निष्कर्ष काढून मोकळे होतो, “हा बेसूर आहे.”

इथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. सात नंबरचा जोडा पाच नंबरच्या पायात घालून मूल अडखळले, तर आपण पायाला दोष देत नाही. गाण्याच्या बाबतीत मात्र नेमके तेच करतो.

पुरुष शिक्षकांसमोर आणखी एक अडचण असते. ते काळी एकमध्ये गातात तेव्हा त्यांचा षड्ज सुमारे १३९ हर्ट्झचा असतो. मुलाने त्याच्या दुप्पट, म्हणजे २७७ हर्ट्झवर, वरच्या सप्तकात गायचे असते. मोठ्यांना हे भाषांतर आपोआप जमते, लहान मुलांना जमेलच असे नाही. काही मुले शिक्षकांसारखा घोगरा, खालचा आवाज काढायला जातात आणि फसतात. मुलांना पुरुषाच्या आवाजापेक्षा स्त्रीच्या किंवा दुसऱ्या मुलाच्या आवाजाशी सूर जुळवणे सोपे जाते, असे अभ्यासांतही दिसले आहे. उपाय सोपा आहे. शिक्षकांनी चाल बासरीवर किंवा पेटीवर दाखवावी, किंवा वर्गातल्याच एखाद्या मुलीला आधी गायला सांगावे.

मराठी बालगीतांचे दोन टप्पे

या मापाने आपल्या ओळखीची गाणी तपासून पाहू. १९५३ साली आलेल्या ‘देवबाप्पा’ या चित्रपटातले ‘नाच रे मोरा’ हे गाणे महाराष्ट्रातल्या कित्येक पिढ्यांचे पहिले गाणे आहे. शब्द ग. दि. माडगूळकरांचे, संगीत पु. ल. देशपांड्यांचे, आवाज आशा भोसले यांचा. मुलाने मोराशी बोलावे ही कल्पना, पावसाचे चित्र, अंगात ठेका भरणारी चाल, यांतले काहीच जुने झालेले नाही. पण वर्गात हे गाणे घेतले की काय होते ते शिक्षकांनी जरा कान देऊन ऐकावे. ध्रुपदाला सगळा वर्ग असतो आणि अंतऱ्यात आवाज विरळ होत जातात. कारण उघड आहे. हे गाणे एका समर्थ, तयार गळ्यासाठी बांधलेले आहे. मुलाने ते ऐकावे, त्यावर नाचावे, यासाठी ते उत्तम आहे. कानांनाही चांगले खाद्य हवेच. फक्त ऐकण्याचे गाणे आणि गाण्याचे गाणे यांत आपण फरक केला पाहिजे. पहिले देऊन दुसऱ्याची अपेक्षा करू नये.

पुढचा महत्त्वाचा टप्पा मीना खडीकर यांच्या बालगीतांचा. ‘सांग सांग भोलानाथ’, ‘चॉकलेटचा बंगला’ यांसारखी गाणी त्यांनी मुलांच्याच आवाजात ध्वनिमुद्रित केली. त्यांची स्वतःची मुले योगेश आणि रचना यांचे आवाज त्या काळी घराघरांत पोचले. आज आपल्याला यात काही विशेष वाटत नाही. पण मुलांच्या गाण्याला मुलांचाच आवाज देणे, हा मुलांबद्दलच्या विश्वासाचा प्रश्न होता. ते गाणे ऐकणाऱ्या मुलाला आपल्याच वयाचे कोणीतरी गाताना ऐकू येते. ‘हे मलाही जमेल’ असे त्याला वाटते, आणि सूर जुळवायलाही ते सोपे जाते. मराठी बालसंगीतातली ही पायरी आम्हांला चमत्कृतिपूर्ण वाद्यमेळापेक्षा कितीतरी मोलाची वाटते. अर्थात तयारीने गाणाऱ्या मुलांची चाल जशीच्या तशी प्रत्येक वर्गाला झेपेल असे नाही. पट्टी बदलून घेण्याचे काम शिक्षकांना करावेच लागते.

या दोन टप्प्यांनंतर काय झाले? आज फोनवर वाजणाऱ्या चित्रमालिकांतल्या अनेक मराठी बालगीतांत मूल पुन्हा नाहीसे झालेले दिसते. मोठी बाई लाडिक, बोबडा आवाज काढून गाते. संगणकावर बनवलेला ठेका कुठेही श्वास न घेता चालू राहतो. दर दोन-तीन सेकंदांना चित्र बदलते. प्राणी नाचतात, भाज्या नाचतात, फळे नाचतात. शब्द कोणते आहेत याला फारसे महत्त्व नसते. बोबडेपणा म्हणजे बालपण नव्हे. मूल बोबडे बोलते ते त्याला स्पष्ट बोलता येत नाही म्हणून, आणि स्पष्ट बोलण्याची त्याची धडपड चालू असते. त्याच्या धडपडीची नक्कल त्यालाच ऐकवण्यात कोणते कौतुक?

बुद्धी वाढवणारे संगीत

मुलांच्या करमणुकीला आता एक नवे समर्थन जोडले जाते: हे संगीत ऐकवा, मूल हुशार होईल. या दाव्याचा इतिहास शिक्षकांनी समजून घेण्यासारखा आहे.

१९९३ साली ‘नेचर’ या साप्ताहिकात एक छोटा निबंध आला. कॅलिफोर्नियातल्या ३६ महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना मोत्झार्टची एक रचना दहा मिनिटे ऐकवली. त्यानंतर आकृत्यांची घडी मनातल्या मनात उलगडण्यासारख्या कामात त्यांचे गुण थोडे वाढलेले दिसले. परिणाम दहा-पंधरा मिनिटे टिकला. प्रयोगात एकही लहान मूल नव्हते आणि एकंदर बुद्धिमत्तेबद्दल त्यातून काही सिद्धही होत नव्हते. पण वर्तमानपत्रांतून फिरता फिरता त्याचे ‘मोत्झार्ट ऐकवा, बाळ बुद्धिमान होईल’ असे झाले. १९९८ साली अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्याच्या गव्हर्नरांनी प्रत्येक नवजात बाळाला अभिजात संगीताची ध्वनिमुद्रिका देण्यासाठी १,०५,००० डॉलर मागितले. पुढे इतरांनी केलेल्या प्रयोगांत हा परिणाम नीट आढळेना. २०१० साली व्हिएन्नाच्या संशोधकांनी सुमारे चाळीस अभ्यास एकत्र तपासले. मोत्झार्टच्या संगीतात असा काही खास गुण असल्याचा पुरावा त्यांना मिळाला नाही.

तोवर बाजार मात्र उभा राहिला होता. ‘बेबी आइन्स्टाइन’ या नावाच्या ध्वनिचित्रफिती १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात आल्या. २००१ साली डिस्नेने ती कंपनी विकत घेतली, आणि २००९ साली ग्राहकांना पैसे परत देण्याची तयारी तिला जाहीर करावी लागली. २०१० साली जूडी डीलोश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १२ ते १८ महिन्यांच्या बाळांवर केलेला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. शब्द शिकवणारी एक लोकप्रिय चित्रफीत काही बाळांनी चार आठवडे नियमित पाहिली. ज्यांनी ती मुळीच पाहिली नाही त्यांच्याहून ही बाळे जास्त शब्द शिकली नाहीत. सर्वांत जास्त शब्द कोण शिकले? ज्यांच्या आईवडिलांनी चित्रफितीशिवाय, रोजच्या व्यवहारात तेच शब्द वापरले ती बाळे. आणखी एक गंमत म्हणजे, ज्या पालकांना चित्रफीत फार आवडली होती त्यांना आपले बाळ खूप शिकले असे वाटत होते. करमणूक मोठ्यांची झाली, शिक्षण झाल्याचा भासही त्यांनाच झाला.

चित्रफितीत काय कमी पडते याचा सुगावा २००३ सालच्या एका प्रयोगातून लागतो. पॅट्रिशिया कूल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांना चिनी भाषेची ओळख करून दिली. एका गटाशी चिनी बोलणाऱ्या व्यक्ती समोर बसून खेळल्या, पुस्तके वाचली. दुसऱ्या गटाला त्याच व्यक्तींची चित्रफीत दाखवली आणि तिसऱ्याला फक्त आवाज ऐकवला. बारा बैठकांनंतर पहिल्या गटातल्या बाळांना चिनी ध्वनींतले बारीक फरक ओळखता येत होते. उरलेल्या दोन गटांना काहीही फायदा झाला नव्हता. माणसे तीच, भाषा तीच. पण पडद्यावरचे माणूस बाळाकडे बघून हसत नव्हते, बाळाने मान वळवली तर थांबत नव्हते.

थांबणारे गाणे

इथे आमचा दुसरा प्रश्न येतो. तालाच्या बाबतीतही असेच दिसते. जर्मनीतल्या लाइपझिगच्या माक्स प्लांक संस्थेत सेबास्टियान किर्शनर आणि मायकेल टोमासेलो यांनी अडीच, साडेतीन आणि साडेचार वर्षांच्या मुलांना ढोलावर ठेका धरायला दिला. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात कधी समोर माणूस ढोल वाजवत असे, कधी ढोल वाजवणारे यंत्र असे, तर कधी ध्वनिवर्धकातून नुसता आवाज येत असे. माणूस समोर असताना मुलांचा ठेका सर्वांत चांगला जुळला. अडीच वर्षांच्या मुलांनीही माणसाबरोबर वाजवताना आपली गती बदलून त्याच्या गतीशी मिळवून घेतली.

आपली नैसर्गिक गती सोडून दुसऱ्याच्या गतीला येऊन मिळणे ही लहान गोष्ट नाही. मुलांची स्वतःची गती मोठ्यांपेक्षा जलद असते. चार-पाच वर्षांच्या मुलाला ‘तुला हवा तसा ठेका धर’ म्हटले तर ते मोठ्या माणसापेक्षा भरभर वाजवते. माणसासाठी ते हळू होते. खोक्यासाठी होताना कष्ट पडतात. शिवाय खोके मुलासाठी कधीच हळू होत नाही. समोरचे माणूस मात्र होते. मूल अडखळले तर आई ओळ लांबवते, शेवटचा शब्द मुद्दाम गिळते आणि तो मुलाने भरावा म्हणून वाट पाहते. हे थांबणे म्हणजेच गाण्यात मुलासाठी ठेवलेली जागा होय.

आपल्या परंपरेतल्या गाण्यांत ही जागा भरपूर आहे. भोंडला किंवा हादगा घ्या, विदर्भातली भुलाबाई घ्या. पाटावर हत्ती काढायचा, त्याच्याभोवती फेर धरायचा आणि गायचे. चाली थोड्या स्वरांत फिरतात, ओळी पुन्हा पुन्हा येतात, त्यामुळे नवीन आलेली चार वर्षांची मुलगीही दुसऱ्या फेरीला सामील होते. लिंबे झेलत संख्या वाढवत नेणाऱ्या गाण्यासारखी काही गाणी एकेक टप्प्याने पुढे सरकतात. पुढे काय येणार हे मुलीला आधीच कळते आणि ती ते ओरडून सांगते. शेवटी खिरापत ओळखायची असते. तिथे तर यजमानीण सगळ्यांसाठी थांबून राहते.

परंपरा आहे म्हणून ती सगळीच मुलांसाठी योग्य, असे मात्र आम्ही म्हणणार नाही. भोंडल्याची बरीच गाणी सासुरवासाची आहेत: सासूची परवानगी, माहेरची ओढ, रुसवे. बालवयात लग्न झालेल्या मुलींच्या आयुष्यातून ती आली आहेत. त्या मुलींसाठी ती मोकळे होण्याची जागा होती. आजच्या पहिलीतल्या मुलीच्या आयुष्याशी त्यांचा संबंध नाही. शिवाय फेरात मुलगे नसत. तेव्हा आशय तपासून घ्यावा, नवे शब्द घालावेत, मुलामुलींचा एकच फेर करावा. पण त्या गाण्यांची घडण – थोडे स्वर, पुनरावृत्ती, फेर, ओळखण्याचा खेळ – जपून ठेवावी. ती घडण पिढ्यान्‌पिढ्या मुलींच्या गळ्यांवरून घासून घासून झाली आहे.

आता याच कसोटीवर एक अगदी आजचे गाणे पाहू. दक्षिण कोरियातल्या ‘पिंकफाँग’ने २०१६ साली प्रसारित केलेले ‘बेबी शार्क’ नोव्हेंबर २०२० मध्ये यूट्यूबवर सर्वाधिक वेळा पाहिले गेलेले गाणे ठरले. जानेवारी २०२२ मध्ये त्याने एक हजार कोटींचा आकडा ओलांडला. अनेक शिक्षक या गाण्यावर वैतागतात. आम्हांला मात्र वाटते की त्याची घडण नीट पाहावी. चाल जेमतेम चार स्वरांत फिरते. शब्द अगदी थोडे आहेत. घरातली एकेक व्यक्ती येत जाते, म्हणजे पुढचे ओळखता येते. प्रत्येकीसाठी हातांची वेगळी खूण आहे. हे गाणे कोण्या कारखान्यात शून्यातून तयार झालेले नाही. अमेरिकेतल्या मुलांच्या शिबिरांत ते आधीपासून गायले जात होते. म्हणजे त्याची कुळी आपल्या फेराच्या गाण्यांचीच आहे. ते मुलांना आवडते यात आश्चर्य नाही.

मग आक्षेप कशाला? आक्षेप गाण्याला नाही, त्याच्या यंत्रातल्या रूपाला आहे. शिबिरात हे गाणे पुढे नेणारा ताई-दादा मुलांकडे बघतो, मध्येच हळू होतो, एखाद्या मुलाला ‘आता कोण येणार?’ म्हणून विचारतो. पडद्यावर ते मूल गायले काय, न गायले काय, त्याच गतीने धावते, आणि संपले की लगेच दुसरे सुरू होते. तेच गाणे वर्गात पडदा बंद करून, शार्कच्या जागी मांजराचे नाहीतर बेडकाचे कुटुंब आणून, टाळ्यांवर घ्या. गाणे चांगले असेल तर ते वीज गेल्यावरही चालते.

करणाऱ्यांनी आणि निवडणाऱ्यांनी

मुलांसाठी गाणी करणारे कवी आणि संगीतकार हा मजकूर वाचतील तर त्यांना आमचे एवढेच सांगणे आहे: चाल पाच-सहा स्वरांत बांधणे ही प्रतिभेची अडवणूक समजू नये. हंगेरीचे थोर संगीतकार झोल्टान कोडाय यांनी मुलांसाठी शेकडो छोट्या रचना केल्या. मुलांचे संगीतशिक्षण मातृभाषेतल्या लोकगीतांपासून, थोड्या स्वरांपासून आणि मुख्य म्हणजे वाद्याऐवजी गळ्यापासून सुरू व्हावे, असा त्यांचा आग्रह होता. १९५० साली केचकेमेट या त्यांच्या जन्मगावी रोज गाणे शिकवणारी प्राथमिक शाळा निघाली, आणि पुढे तशा अनेक शाळा हंगेरीत झाल्या. मोठ्या संगीतकाराला लहान गळ्याचे माप घ्यावेसे वाटले, यात कमीपणा नव्हता.

शिक्षकांना मात्र नव्या गाण्यांची वाट पाहत बसण्याचे कारण नाही. हाताशी असलेल्या गाण्यांतूनच निवड करता येते. त्यासाठी एक लहानसा प्रयोग सुचवतो. आठवडाभरात वर्गातल्या प्रत्येक मुलाला, एकेकट्याने, पेटीशिवाय, त्याला आवडणारे कोणतेही गाणे म्हणायला सांगा. मूल आपली पट्टी आपणच निवडेल. ते आरामात गाते तो सर्वांत खालचा आणि सर्वांत वरचा स्वर पेटीवर शोधा आणि वहीत नोंदवा. पेटी नसेल तर फोनवर सूर ओळखणारी सोय मिळते. सगळ्या वर्गाच्या नोंदी एका तक्त्यात मांडल्या की बहुतेकांना सामाईक असा पट्टा दिसू लागेल. आता पाठ्यपुस्तकातल्या कवितांच्या चाली त्या पट्ट्यात बसतात का ते पाहा. बसत नसतील तर षड्ज वर-खाली सरकवा, फारच मोठी उडी असेल तर ती ओळ बोलून घ्या. वरच्या वर्गातली मुले हा तक्ता आणि आलेख स्वतः तयार करू शकतील. नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांसाठी ध्वनीच्या पाठाला जोडून हा चांगला प्रकल्प होईल.

दुसरी गोष्ट थांबण्याची. रोज एक तरी गाणे ध्वनिमुद्रणाशिवाय घ्या. ओळीचा शेवटचा शब्द सोडा आणि वाट पाहा. करवंट्या, काठ्या, टाळ्या यांवर ठेका धरा, आणि सगळ्यांत मागे राहणाऱ्या मुलाच्या गतीपासून सुरुवात करा. शब्द बदलण्याची परवानगी द्या. यमक जुळवताना मुले निरर्थक शब्द बनवतील, बनवू द्या. ऑक्सफर्डच्या पीटर ब्रायंट आणि सहकाऱ्यांना ६४ मुलांच्या अभ्यासात (१९८९) असे आढळले की तिसऱ्या-चौथ्या वर्षी ज्यांना बडबडगीते जास्त येत होती त्यांना पुढे शब्दांतले ध्वनी वेगळे करणे आणि वाचणे सोपे गेले. हा निष्कर्ष इंग्रजीबद्दलचा आहे. आपल्या अक्षरलिपीला तो जसाच्या तसा लावता येणार नाही. पण ध्वनींशी खेळलेला कान वाया जात नाही, एवढे म्हणायला हरकत नसावी. आणि गाण्याचे समर्थन वाचनासाठी, गणितासाठी किंवा बुद्धीसाठी करण्याची गरज तरी काय? मूल गाते, एवढे कारण पुरे आहे.

स्नेहसंमेलनात सुरात नसलेल्या मुलांना “तू नुसते ओठ हलव” असे सांगण्याची पद्धत अजून पुष्कळ ठिकाणी आहे. सांगणाऱ्याच्या मनात वाईट काही नसते, कार्यक्रम चांगला व्हावा एवढीच इच्छा असते. पण आकडे काय सांगतात ते पाहा. ज्यांना जन्मतःच सूर कळत नाहीत अशा लोकांचे प्रमाण, सुमारे वीस हजार लोकांच्या चाचणीवर आधारलेल्या २०१७ सालच्या अभ्यासानुसार, दीड टक्का आहे. चाळीस मुलांच्या वर्गात सरासरीने एकही पुरते नाही. उरलेल्यांना गाता येण्यासारखे असते, फक्त ते गायल्याने येते. डेमोरेस्ट आणि फोर्डरेशर या संशोधकांनी २०१५ साली बालवाडीतली मुले, सहावीतली मुले आणि महाविद्यालयीन तरुण यांच्या सुरेलपणाची तुलना केली. सहावीतली मुले बालवाडीच्या पुष्कळ पुढे होती. पण तरुण? तीनपैकी दोन चाचण्यांत ते पुन्हा बालवाडीच्या पातळीला आलेले होते. न गाणाऱ्या गळ्याची कमाई अशी परत जाते.

म्हणून ‘नुसते ओठ हलव’ हे वाक्य म्हणजे निदान नसते, तो निकाल असतो. सहा वर्षांचे मूल त्यावर अपील करत नाही. ते ऐकते आणि पुढची साठ वर्षे “मला गाता येत नाही” असे सांगत राहते. त्या मुलापुढे पांढरी दोन दाबून धरावी, त्याच्यासाठी जरा थांबावे, आणि मग ऐकावे.